डाव्या हाताची पोती

चुन्याचा दिवस वर्षातून एकदाच यायचा, आणि तो आला की बाई सकाळपासून कोणाशी धड बोलत नसत. रागावलेल्या नसत. काम मोठं असायचं आणि चुकलं तर निस्तरायला जागा नसायची, एवढंच. या वर्षी तर नवराच जायबंदी होता. महिन्याभरापूर्वी बांधावरून पाय घसरला आणि मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर आलं. तेव्हापासून तो खिडकीत बसून, मांडीवर फोन ठेवून, अख्ख्या तळ्यावर राज्य करत होता.

तळं कार्प माशांचं होतं. लांबलांबहून लोक गळ घेऊन यायचे, दिवसभर काठावरच्या लाकडी ओट्यांवर बसायचे, मासा लागला की त्याला ओल्या गादीवर निजवून फोटो काढायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. खायचा नाही, विकायचा नाही, नुसता भेटायचा. बाईंच्या आईला हा प्रकार शेवटपर्यंत पटला नव्हता. पण याच भेटीगाठींवर बाईंचं घर चाललं होतं आणि मुलीचं शिक्षण झालं होतं. माशांतली सगळ्यात मोठी मादी, जिला सगळे 'थोरली' म्हणायचे, ती बाईंनी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी तळ्यात सोडली होती. तेव्हा ती बोटाएवढी होती. आता तिला उचलायला दोन माणसं लागत.

एवढे मासे, वर गळवाल्यांनी टाकलेलं खाणं आणि झाडांची पडलेली पानं, सगळं तळाशी साचून काळा कुजका गाळ व्हायचा. त्यावर उपाय चुनखडीची भुकटी. दळलेला दगडच तो, अगदी गरीब. होडीतून फावड्याने पसरायची, पाणी एक-दोन दिवस दुधाळ दिसायचं, मग भुकटी खाली बसून गाळ हळूहळू जिरायला लागायचा. माशांच्या केसालाही धक्का लागत नसे, असं नवरा म्हणायचा, आणि माशांना केस नसतात हे बाई दरवेळी त्याला सांगायच्या.

पण कोठीत दुसराही चुना असायचा, कळीचा. भट्टीतून निघालेला, पाणी लागलं की उकळून उठणारा. कोठीमागच्या छोट्या हौदात नवे आणलेले मासे काही दिवस वेगळे ठेवत. तो हौद रिकामा झाला की त्याच्या तळाला हा कळीचा चुना टाकायचा, म्हणजे रोगराईचं नाव उरत नसे. पण फक्त रिकाम्या हौदात. पाण्यात मासे असताना त्या चुन्याला हात लावायचा नाही असा घरातला दंडक होता.

दोन्ही चुने एकाच दुकानातून, एकसारख्या पांढऱ्या पोत्यांत यायचे. पोत्यांवर खुणा करा म्हणून बाईंनी नवऱ्याच्या किती विनवण्या केल्या असतील. त्याचं उत्तर ठरलेलं असे. "डाव्या हाताला भुकटी, उजव्या हाताला कळी. आंधळाही सांगेल. खुणा कशाला?" आणि इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, त्यामुळे बाईंनाही पुढे बोलता येत नसे.

तळ्याच्या खालच्या अंगाला बांध होता, बांधात लोखंडी झडप, आणि झडपेतून निघालेला पाट शेतांच्या कडेने वळत वळत बाईंच्या धाकट्या भावाच्या हौदांपाशी जायचा. भाऊ माशांची पिल्लं वाढवून विकायचा. त्याचं सगळं पाणी बहिणीच्या तळ्यातून यायचं. दोन उन्हाळ्यांपूर्वी पाऊस लांबला आणि तळं उतरायला लागलं, तेव्हा बाईंनी झडप घट्ट लावून घेतली. भावाने फोन केला, मग स्वतः येऊन दारात उभा राहिला. "माझे मासे आधी," बाई त्याला म्हणाल्या. दोन दिवस म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि त्या वर्षीची भावाची सगळी पिल्लं मेली. तेव्हापासून तो त्यांचा फोन उचलत नव्हता. समोर आला तर बोलायचा, ऊन फार आहे, वारा सुटलाय, परक्या माणसाशी बोलावं तसं. बाईंना ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

या वर्षी मदतीला जावई आला होता. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारा माणूस. त्याचा पाण्याशी संबंध अंघोळीपुरता. पण सासऱ्याचा पाय मोडला म्हटल्यावर रजा काढून आला आणि येताना डोळ्यांना घट्ट बसणारे दोन चष्मे घेऊन आला. "आई, हा घातल्याशिवाय मी तुम्हाला होडीत चढू देणार नाही," असं त्याने सासूला सांगितलं. जावयाने आपल्याला दम दिला हे बाईंना मनातून आवडलं. तसं दाखवायची मात्र त्यांची पद्धत नव्हती.

"बरं जावईबापू," त्या म्हणाल्या, "आता पोती काढा. नाहीतर चष्मे घालून नुसते एकमेकांकडे बघत बसू."

कोठीला दोन दारं होती, एक तळ्याकडे आणि एक रस्त्याकडे. तळ्याकडचं दार ओलीने फुगून बसलं होतं. जावयाने खांदा लावला, लाथ घातली, शेवटी घाम पुसत म्हणाला, "रस्त्याच्या दाराने काढू का? हातगाडी फिरवून आणतो."

"आणा. पण डाव्या हाताची पोती हं. उजव्या हाताच्यांना शिवायचंसुद्धा नाही."

"डाव्या हाताची," जावई म्हणाला. सांगितल्या कामाचा माणूस होता तो. रस्त्याच्या दाराने आत गेला आणि डाव्या हाताची पोती मोजून हातगाडीवर घालून घेऊन आला.

गाळ सगळ्यात जास्त बांधाच्या बाजूला होता, झडपेजवळच्या लव्हाळ्यात. तिथूनच सुरुवात केली. जावई वल्ही मारत होता आणि बाई पोत्यात फावडं घालून चुना पाण्यावर उडवत होत्या. वारा चांगलाच सुटला होता. लव्हाळं असं सळसळत होतं की एकमेकांशीही ओरडून बोलावं लागत होतं, मग पाण्यावर पडणाऱ्या चुन्याचा आवाज कुठला ऐकू येणार? पांढरा धुरळा उडायचा, पाणी पांढरं व्हायचं, होडी पुढे सरकायची. हे सगळं दरवर्षीसारखंच दिसत होतं.

या कामात बाईंचे हात दरवर्षी गारठून लाकूड व्हायचे. आज अर्धी पोती रिकामी झाली तरी बोटं मऊ होती. रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे मोजे ओले झाले होते, आणि तरी छान ऊब लागत होती.

"मोजे चांगले निघाले हो," त्या ओरडून म्हणाल्या. "हात कसे शेकत बसल्यासारखे वाटतायत."

"माझे पण पाय मस्त गरम झालेत," जावई म्हणाला.

दोघंही हसले. बाईंनी फावडं पुन्हा पोत्यात घातलं, आणि ते तिथेच राहिलं.

पाय का गरम व्हावेत? होडीच्या तळाशी तळ्याचं पाणी साचलं होतं, सकाळी हात घातला तर कळ येत होती इतकं गार. त्यांनी खाली पाहिलं. जावयाच्या बुटांभोवती सांडलेला चुना फुगला होता, त्याला भेगा पडत होत्या, आणि भेगांतून वाफ निघत होती. बाईंनी चष्मा वर केला, की काचेवर काही आलं असेल. चष्म्याशिवायही ती वाफच होती.

त्यांनी हातमोजा दाताने ओढून काढला आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, होडीतलं पाणी गरम झालंय."

नवरा एरवी अर्धं वाक्य ऐकूनच बोलायला लागायचा. या वेळी त्याने पूर्ण वाक्य ऐकून घेतलं.

"पोती कुठल्या दाराने काढली?" त्याने विचारलं.

"रस्त्याच्या. तळ्याकडचं उघडेना."

आता तो इतक्या हळू बोलला की फोन कानात खुपसावा लागला. "मी कायम तळ्याकडून आत जातो गं. रस्त्याच्या दाराने गेलं की डावं ते उजवं होतं."

बाईंनी पोत्यातल्या फावड्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. लव्हाळ्याच्या कडेने पांढरा पट्टा पसरला होता, आणि तो त्यांनी आपल्या हाताने, मन लावून, कुठे जागा सुटू नये म्हणून पुन्हा पुन्हा वळून पसरला होता.

"काय झालं आई?" जावयाने विचारलं.

"अरे, पाय वर घे," त्या म्हणाल्या. जावयाला त्यांनी जन्मात अरे-तुरे केलं नव्हतं. "पाय वर घे आणि काठाला चल. हा कळीचा आहे."

काठावर नळाखाली त्यांनी त्याचे बूट काढले. पायांची कातडी लालभडक झाली होती. तो ओठ दाबून उभा होता आणि सारखं म्हणत होता, "डावीचीच आणली मी, आई. डावीचीच आणली." बाई त्याच्या पायांवर पाणी सोडत राहिल्या. "तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष तळ्याकडे होतं. त्यांच्या स्वतःच्या मनगटांना मोज्याच्या कडेने सोलवटल्यासारखं झालं होतं, ते त्यांना अजून जाणवतही नव्हतं.

आधी बारके मासे आले. लव्हाळ्यातून बाहेर पडून पाण्यावर आडवे झाले, काही गोल गोल फिरत होते. मग मधल्या पाण्यात मोठी डोकी दिसायला लागली. कार्प वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते, आणि सगळेच्या सगळे वरच्या टोकाकडे सरकत होते, जिथे ओढ्याचं पाणी आत यायचं दार होतं. पण वारा बांधाकडून तिकडेच वाहत होता. पांढरं पाणी त्यांच्या मागे मागे चाललं होतं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं. हे मासे आता माझ्या डोळ्यांसमोर मरणार, त्यांना वाटलं, आणि मला काठावर उभं राहून बघावं लागणार.

फोनवर नवरा बोलत होता. "ऐक. पांढरं पाणी अजून झडपेपाशीच जास्त आहे. खालची झडप उघड, वरचं ओढ्याचं दार उघड. घाण खालून निघेल, ताजं वरून येईल. दुसरा उपाय नाही."

"खाली धाकटा आहे."

"त्याला फोन कर. हौदांच्या तोंडाशी फळ्या टाकून पाणी अडव म्हणावं."

बाईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग जावयाच्या फोनवरून लावला, तोही वाजत राहिला. तिकडे नवऱ्यानेही लावून पाहिला. गाडीने जावं तर रस्ता दूरवर वळसा घालून जायचा, आणि घरात गाडी चालवणारा एकच पाय होता, आणि तो प्लास्टरमध्ये होता. जावयाला धड चालता येत नव्हतं.

पाण्यावर थोरली आली. तिची पाठ होडी उलटी घातल्यासारखी वर आली आणि तिने तोंड उघडलं. बाईंनी तिला इतक्या वर्षांत कधी असं तोंड उघडून राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"वरचं दार तुझ्याच्याने उघडेल?" त्यांनी जावयाला विचारलं.

"उघडेल."

"मग जा. लंगडत जा, पण जा."

पाट वळणं घेत जातो, मी शेतातून सरळ जाईन, पाण्याच्या आधी पोचेन. असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि झडपेच्या चाकाला हात घातला. चाक गंजलं होतं. पहिला आटा सुटताना ते किंचाळलं, मग भराभर फिरलं, आणि खाली पाटात पाणी धाडकन पडलं. पांढरंशुभ्र होतं ते. बाई एक क्षण त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पळत सुटल्या.

पन्नाशी उलटलेली बाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात नवऱ्याचं जाकीट. एरवी स्वतःला असं पळताना पाहून त्यांनाच हसू फुटलं असतं. सुरुवातीला त्या पुढे होत्या. पाटाच्या कडेने पळताना वळून वळून पाहत होत्या, आणि पांढरं टोक मागे होतं. मग पहिलं वळण आलं, त्यांनी पाट सोडला आणि नांगरलेल्या शेतात घुसल्या. ढेकळांत बूट रुतायला लागले. एक पाय बुटातून बाहेर आला, त्या तोंडावर आपटल्या, उठल्या, बूट तिथेच सोडून पुढे गेल्या. आता पाट दिसत नव्हता. पाणी कुठवर आलंय ते कळत नव्हतं, आणि न दिसणारं ते पाणी दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात धावत असल्यासारखं वाटत होतं.

छाती फुटायला आली तेव्हा त्यांना एक गोष्ट सुचली.

आधी निघता आलं असतं. भावाच्या फळ्या टाकून झाल्यावर जावयाला फोन करायचा, आता चाक फिरव म्हणायचं. जावई लंगडत का होईना, तिथे होता. चाक त्याच्यानेही फिरलं असतं. मासे आणखी थोडा वेळ तगले असते, कदाचित काही गेले असते. एवढी साधी गोष्ट, आणि ती त्या काठावर सुचली नाही. की सुचू दिली नाही? बाईंना स्वतःचीच भीती वाटली.

अजूनही वेळ गेली नव्हती. विजारीच्या खिशात फोन होता. त्या थांबल्या, फोन काढला, जावयाचा नंबर समोर आणला. परत जा, झडप लाव, मी सांगेन तेव्हा उघड. एवढंच म्हणायचं होतं. अंगठा नंबरावर होता. आणि त्यांना थोरलीचं ते उघडं तोंड दिसलं. बाईंनी फोन खिशात टाकला आणि पुन्हा पळायला लागल्या.

कुंपणापाशी पाट परत भेटला. पाणी पोचलेलं होतं. त्यांच्या बरोबरीने चाललं होतं, कडेच्या गवताला पांढरी किनार लावत, आणि त्यावर एक बेडूक पोट वर करून वाहत होता. बाईंनी कुंपणाच्या तारेखालून अंग घातलं, जाकीट फाटलं, फाटू दिलं.

"धाकट्या," त्यांनी हाक मारली. आवाज निघालाच नाही.

भावाचे हौद समोर होते, एकापुढे एक, आणि त्यांच्या तोंडाशी पाटाला सिमेंटच्या दोन खाचा होत्या. फळ्या शेजारी रचून ठेवल्या होत्या. भाऊ दिसत नव्हता. पत्र्याच्या खोलीत हवा सोडणारं यंत्र घरघरत होतं, त्या घरघरीत फोन काय, तोफही ऐकू आली नसती. तेव्हा कुठे बाईंना कळलं की आज त्याने फोन उचलला नाही तो रागाने नसेलही. बाईंनी पहिली फळी उचलली, खाचेत घातली, ती तिरकी होऊन अडकली. दोन्ही हातांनी ठोकली. मनगटं आता आगीसारखी झोंबत होती. वळणावर पांढरं टोक दिसलं, आणि बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांना स्वतःला ओळखता आला नाही.

भाऊ खोलीतून बाहेर आला. त्याने बहिणीकडे पाहिलं, एका पायात बूट, तोंडाला चिखल. मग पाटाकडे पाहिलं. काही न विचारता त्याने पाण्यात उडी मारली, अडकलेली फळी टाचेने खाली दाबली आणि हात पुढे केला. बाईंनी दुसरी दिली, तिसरी दिली. चौथी खाचेत बसायला आणि पांढरं पाणी फळ्यांवर आदळायला एकच गाठ पडली. मधल्या फटीतून दुधासारखी धार आत शिरली. बाईंनी जाकीट काढून तिथे कोंबलं, भावाने वरून चिखल थापला.

वरची फळी सैल होती. पाण्याच्या दाबाने ती थडथड हलत होती आणि दर हिसक्याला थोडी उचलली जात होती.

"ही धर," भाऊ म्हणाला. "मी पाचर बघतो आणि पिल्लं बघतो. हात काढू नकोस."

बाई गुडघ्यांवर बसून फळी दोन्ही हातांनी दाबून राहिल्या. पांढरं पाणी फळीला धडकून बाजूच्या चरात वळत होतं आणि ओढ्याकडे जात होतं. त्यातून मधूनमधून एखादा बारका मासा जायचा. शिंतोडे मनगटांवर उडत होते. मागे भावाची पावलं या हौदापासून त्या हौदापर्यंत जात होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. मागे वळून बघायचं धैर्य त्यांना नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो आला. "पहिल्यात थोडं शिरलंय. पिल्लं पलीकडच्या कोपऱ्यात गेलीत, पण हलतायत. बाकीच्यांत काही नाही." त्याने पाचर ठोकून पाहिली, ती बारीक होती, निसटून पाण्यात गेली. मग तो बहिणीच्या शेजारी काठावर उकिडवा बसला.

"कळीचा आहे ना हा?"

"हो."

"पाटात कसा आला?"

"मासे मरायला लागले. झडप उघडली."

भावाने पाण्याकडे बघत विचारलं, "ताई, आधी उघडलीस की आधी निघालीस?"

बांधावर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. जावई पाठमोरा, वरच्या दाराकडे लंगडत गेला होता. नवरा खिडकीत होता, पण खिडकीतून झडप दिसत नाही. एक शब्द बदलला असता तर हा भाऊ कदाचित आज संध्याकाळी घरी आला असता, दोन वर्षांनी. बाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही, कारण पुसायला हात मोकळा नव्हता.

"आधी उघडली," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत सुचलं होतं, की फोन करून बंद करायला सांगावं. फोन काढलाही होता. नाही केला."

भावाने एक ढेकूळ उचललं, चुरलं, फटीवर थापलं. मग दुसरं उचललं. खोलीत यंत्र घरघरत होतं.

तेवढ्यात बाईंच्या खिशात फोन वाजला. जावईच असणार. थोरली आहे की गेली, एवढंच त्याला सांगायचं असणार, आणि ते ऐकायला बाईंचा जीव कानात गोळा झाला. फळी हातांखाली थडथडत होती.

"उचल," भाऊ म्हणाला. त्याने हात पुढे केला. "मी धरतो."

फोन थांबला, आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

"वाजू दे," बाई म्हणाल्या, आणि फळी आणखी जोरात दाबून धरली.